केप ऑफ गुड होप : ना दक्षिण टोक, ना महासागरांची वेस. मग एवढा दबदबा कशाचा?

डोलकाठी

कामानिमित्त केप टाऊनला जाणं झालं, त्यात एक रविवार मोकळा मिळाला तो केप ऑफ गुड होपला घालवला. फोटो वेगळ्या धाग्यात टाकेन. इथे डोक्यात घोळतंय ते लिहितो, जाणकारांनी भर घालावी.

शाळेत आपण सगळ्यांनीच घोकलंय की हे आफ्रिकेचं दक्षिण टोक. तिथे खाली किनाऱ्यावर जी लाकडी पाटी आहे, जिच्यासमोर फोटोसाठी रांग लागते, तिच्यावरच स्वच्छ लिहिलंय की हे खंडाचं 'सर्वात नैर्ऋत्येकडचं' टोक आहे. खरं दक्षिण टोक म्हणजे केप अगुल्हास, इथून साधारण दीडशे किलोमीटर आग्नेयेला. केप ऑफ गुड होप ३४ अंश २१ मिनिटं दक्षिणेला, तर अगुल्हास ३४ अंश ५० मिनिटांवर. अटलांटिक आणि हिंदी महासागराची नकाशावरची हद्दही अगुल्हासवरूनच आखतात. तरी आमच्या बसमधला गाईड दोन्ही हात पसरून 'हा इकडे एक आणि तो तिकडे दुसरा महासागर' म्हणत होता. लोकही दोन रंगांचं पाणी शोधत होते.

म्हणजे भूगोलाच्या हिशेबात हे भूशिर दुय्यम. मग इतिहासात एवढं मोठं का झालं?

आता गंमत बघा. ज्या बार्तोलोमेउ दियासच्या नावावर हा शोध जमा आहे, त्याने हे टोक ओलांडलं तेव्हा त्याला ते दिसलंच नव्हतं. १४८७ च्या ऑगस्टात तो लिस्बनहून निघाला. दोन कॅरावेल (त्रिकोणी शिडांची छोटी चपळ जहाजं) आणि सोबत रसद भरलेलं एक जहाज. रसदीचं जहाज त्याने वाटेत आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर नऊ माणसांच्या ताब्यात ठेवलं आणि पुढे गेला. आजच्या नामिबियाच्या किनाऱ्याखाली वारा इतका विरुद्ध झाला की त्याने किनारा सोडून खोल समुद्र धरला. पोर्तुगीज बखरकार बारोस म्हणतो, तेरा दिवस शिडं अर्धी उतरवून वाऱ्यापुढे पळत होते, आणि गिनीच्या उकाड्याला सरावलेले खलाशी थंडीने गारठले. वारा पडल्यावर पूर्वेकडे वळले, की किनारा लागेल. लागला नाही. मग उत्तरेकडे वळले, तेव्हा जमीन दिसली. डोंगर, कुरणं, गुरं आणि गुराखी. किनारा आता पूर्वेकडे पळत होता. ३ फेब्रुवारी १४८८ ला ते आजच्या मोसेल बेमध्ये पाणी भरायला उतरले. टोक केव्हाच मागे पडलेलं होतं.

पुढे काही आठवडे ते पूर्वेकडे सरकत राहिले, पण खलाशी कंटाळले. अन्न संपत आलं होतं, रसदीचं जहाज शेकडो मैल मागे होतं. दियासने आणखी दोन-तीन दिवसांची मुदत मागून घेतली आणि मग परत फिरला. मोसेल बेच्या बरंच पूर्वेला, किनाऱ्यावरच्या क्वाईहूक नावाच्या टेकाडावर त्याने दगडी क्रूसस्तंभ उभारला होता. बारोस लिहितो, त्या स्तंभाचा निरोप घेताना दियासला पोटच्या पोराला कायमचं हद्दपारीत सोडून जात असल्यासारखं दुःख झालं. हिंदुस्तानची वाट उघडली आहे हे त्याला कळलं होतं आणि ती पुरी करणारा तो नसणार हेही.

परतीच्या वाटेवर, किनाऱ्याकिनाऱ्याने येताना, त्याने केप पाहिला. मला वाटतं या भूशिराचा सगळा दबदबा इथे आहे. ते टोक म्हणून मोठं नाही, खूण म्हणून मोठं आहे. अगुल्हासचा किनारा सखल आणि सपाट, लांबून काही उठून दिसत नाही. केपला अगदी लागून असलेल्या केप पॉइंटचे कडे मात्र दोनशे मीटरच्या वर सरळ पाण्यातून उभे. दर्यावर्दी माणसाला वळण कुठे आलं ते दाखवणारी जागा हवी असते, अक्षांशातली अर्ध्या अंशाची कसर नको असते.

मेतकूट

मस्त लेख. वाखुसा (वाचनखूण साठवली). त्या रसदीच्या जहाजावरच्या नऊ जणांचं काय झालं? तुम्ही त्यांना तिथेच सोडून पुढे गेलात की हो!

डोलकाठी

@मेतकूट, दियास परत आला तेव्हा नवातले तीन जिवंत होते. त्यातला फर्नांव कोलासो नावाचा कारकून आधीच आजारी होता, आपली माणसं परत आलेली पाहून आनंदाच्या भरात गेला. हेही बारोसच सांगतो. जहाज किडीने खाल्लेलं होतं, म्हणून सामान काढून घेऊन जाळलं.

घाटमाथा

एक शंका. किनारा सोडून एवढं खोल समुद्रात जायची गरजच काय होती? किनाऱ्याने हळूहळू गेले असते की. आम्ही डोंगरातली माणसं, समुद्रातलं कळत नाही, जरा सोपं करून सांगा.

निवृत्त_सारंग

याचं उत्तर मी देतो, आयुष्य मालवाहू जहाजांवर गेलंय आणि ही वाट बरीच केली आहे.

आफ्रिकेच्या त्या पश्चिम किनाऱ्याला बेंग्वेला नावाचा थंड प्रवाह दक्षिणेकडून उत्तरेला वाहतो. वाराही बहुतेक काळ दक्षिण-आग्नेयेचा. म्हणजे खाली जाणाऱ्याच्या तोंडावर वारा आणि तोंडावरच पाणी. कॅरावेलचं त्रिकोणी शीड वाऱ्याच्या बरंच जवळ जाऊ शकतं, त्यामुळे नागमोडी जाता येतं, पण दिवसभर मर मर मरून पुढे सरकणार किती? त्यापेक्षा किनारा सोडून नैर्ऋत्येला जायचं, खाली पश्चिमेचे वारे लागतात तिथपर्यंत पोचायचं आणि ते वारे पाठीवर घेऊन पूर्वेला यायचं. दियासला हे नाइलाजाने सापडलं. दहा वर्षांनी वास्को द गामाने तेच ठरवून केलं, तेही फार मोठा वळसा घेऊन. पश्चिम आफ्रिका सोडल्यावर तो तीन महिने जमीन न बघता चालला आणि १४९७ च्या नोव्हेंबरात केपच्या थोडा वर सेंट हेलेना बेला लागला. तिथून केप ओलांडायला त्यालाही वाऱ्याने दोन-चार दिवस झुलवलंच. २२ नोव्हेंबरला पार झाला. त्याच्या जहाजांच्या बांधणीवर देखरेख दियासची होती. चौकोनी शिडांची, पोटाने मोठी जहाजं बांधून घेतली ती या अनुभवामुळेच.

आता पूर्वेची बाजू. तिथे अगुल्हास प्रवाह, गरम, वरून खाली येणारा, ४ नॉटपर्यंत. नैर्ऋत्येचं वादळ आलं की लाटा या प्रवाहाच्या तोंडावर येतात. वारा एकीकडे, पाणी दुसरीकडे. लाट आखूड होते, उभी होते, आणि पुढचा खड्डा इतका खोल की जहाजाचं नाक त्यात जातं आणि पुढची लाट डेकवर बसते. आम्हाला शिकवलेलं की नैर्ऋत्येचा वारा चढायला लागला की दोनशे मीटर खोलीच्या रेषेच्या आत, किनाऱ्याकडे सरकायचं, कारण प्रवाहाचा जोर त्या रेषेच्या बाहेर. १९०९ मध्ये 'वाराताह' नावाची आगबोट डर्बनहून केप टाऊनला निघाली ती २११ माणसांसकट गायब झाली, आजतागायत सापडलेली नाही.

लेखातल्या 'खूण' या मुद्द्याला माझं अनुमोदन, पण खूणही फसवते. पूर्वेकडून येणारी जहाजं खाडीच्या अलीकडच्या, पूर्वेच्या टोकाला, केप हँगक्लिपलाच केप पॉइंट समजून उजवीकडे वळायची आणि थेट खाडीत घुसायची. म्हणून त्या खाडीचं नाव फॉल्स बे, म्हणजे खोटी खाडी. केप पॉइंटचं पहिलं दीपगृह १८६० मध्ये पेटलं, समुद्रसपाटीपासून २३८ मीटरवर. उंचावर म्हणजे लांबून दिसेल असा हिशेब. प्रत्यक्षात ते निम्मा वेळ ढगात. आणि नको तेव्हा लांबून दिसायचं, त्यामुळे जहाजं खडकाच्या फार जवळून वळायची. एप्रिल १९११ मध्ये 'लुसितानिया' हे प्रवासी जहाज खालच्या बेलोज खडकावर चढलं. पाणबुडीने बुडवलेलं ते वेगळं, हे पोर्तुगीज होतं. म्हणजे दियासच्याच देशाचं. त्यानंतर दिवा खाली, ८७ मीटरवर आणला, तो १९१९ पासून चालू आहे.

घाटमाथा

सारंगकाका, आता कळलं. पुस्तकात 'वादळी समुद्र' एवढंच लिहून मोकळे होतात.

सत्यशोधक_७

पोर्तुगीजांचं कौतुक चाललंय ते चालू द्या, पण त्यांच्याआधी आपली जहाजं तिथे पोचली होती हे कुणी का लिहीत नाही? फ्रा माउरोच्या नकाशावर १४२० च्या सुमारास हिंदुस्तानचं जहाज आफ्रिकेचं टोक ओलांडून गेल्याची नोंद आहे. गुगल करा.

डोलकाठी

@सत्यशोधक_७, नोंद आहे हे बरोबर. फ्रा माउरो हा व्हेनिसचा भिक्षू, त्याचा नकाशा १४५० च्या दशकातला. त्यावर लिहिलंय की 'इंदियाचं जुंक' (पूर्वेकडचं शिडाचं मोठं जहाज) वादळात सापडून 'काबो दे दियाब'च्या पलीकडे गेलं, बरेच दिवस पाणी आणि वाऱ्याशिवाय काही दिसलं नाही आणि मग परत आलं. पण त्या काळी युरोपात 'इंदिया' म्हणजे आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून चीनपर्यंत काहीही. जहाज कुणाचं, बंदर कुठलं, कप्तान कोण, काही नाही. शिवाय माउरोने हे कुणाकडून तरी ऐकलेलं. दुसरा पुरावा मिळेपर्यंत आपलं म्हणून मिरवण्यात अर्थ नाही.

आणि 'आधी कोण' एवढाच प्रश्न असेल तर हिरोडोटस त्याच्याही दोन हजार वर्षं मागे नेतो. इजिप्तचा राजा नेको याने फिनिशियन खलाशांना तांबड्या समुद्रातून पाठवलं, ते आफ्रिकेला वळसा घालून तिसऱ्या वर्षी भूमध्य समुद्रातून परत आले. हिरोडोटसला त्यातली एक गोष्ट पटत नाही. पश्चिमेकडे जाताना सूर्य उजव्या हाताला होता असं ते सांगतात, आणि तो म्हणतो मला हे खरं वाटत नाही. विषुववृत्ताखाली पश्चिमेला तोंड केलं की सूर्य उजवीकडेच येणार! ज्या तपशिलावर त्याचा विश्वास नव्हता, त्याच तपशिलामुळे आज काही अभ्यासक ती हकिकत खरी मानतात. काही नाही मानत.

खाडीपलीकडे

मी दापोलीकडचा, त्यामुळे माझा रस वेगळ्या माणसात आहे. आमच्याकडच्या लोकांनीही हे क्वचितच ऐकलेलं असतं, म्हणून सविस्तर लिहितो.

फ्रान्सिश्कु द आल्मेदा, हिंदुस्तानातला पहिला पोर्तुगीज व्हाइसरॉय. त्याचा मुलगा लोरेन्सु मार्च १५०८ मध्ये चौलच्या लढाईत मारला गेला. इजिप्तच्या मामलुकांचं आरमार आणि दीवच्या मलिक अयाझची जहाजं एका बाजूला, पोर्तुगीज दुसऱ्या बाजूला. बाप सूडाला पेटला. दीवला जाताना वाटेत, डिसेंबर १५०८ च्या अखेरीस, त्याने दाभोळ जाळलं. त्या काळचं दाभोळ म्हणजे आजच्यासारखं झोपाळू गाव नव्हे. आदिलशाहीचं मोठं बंदर, अरबस्तानातून घोडे उतरायचे, कापड चढायचं. बायका, मुलं, म्हातारे, कुणाला सोडलं नाही. पुढे फेब्रुवारी १५०९ मध्ये दीवची लढाई जिंकून त्याने सूड पुरा केला. मग आल्बुकेर्कच्या हाती कारभार देऊन मायदेशी निघाला.

केप ओलांडायच्या आधी किंवा नंतर पाणी भरायला जहाजं जिथे थांबायची त्यातली एक जागा टेबल बे, आज जिथे केप टाऊन आहे. तिथे खोईखोई लोक राहत. गुरं पाळणारे, पोर्तुगीजांना लोखंडाच्या बदल्यात जनावरं देणारे. आल्मेदाची काही माणसं त्यांच्या वस्तीवर गेली, तिथे बाचाबाची झाली, मार खाऊन परत आली. त्यावर दुसऱ्या दिवशी, १ मार्च १५१० ला, खुद्द आल्मेदा दीडशे माणसं घेऊन वस्तीवर चालून गेला. गुरं पळवली, पोरंही उचलली. मग खोईखोई उलटले. हत्यारं म्हणजे दगड आणि आगीत टोकं कडक केलेले लाकडी भाले. त्यांची गुरं हाकेवर चालणारी होती. शीळ घालून ती ओळीने पुढे घातली आणि त्यांच्या आडोशाने मारा केला. पोर्तुगीज मऊ वाळूत रुतलेले, आणि बोटी उतरले होते त्या जागेवरून हलवलेल्या. साठच्या आसपास माणसं पडली, त्यात कित्येक कप्तान आणि स्वतः आल्मेदा. दीवला तोफांनी मोठमोठी आरमारं बुडवणाऱ्या माणसाला वाळूत एका लाकडी भाल्याने गाठलं.

त्यानंतर पोर्तुगीज टेबल बेच्या वाटेला फारसे गेलेच नाहीत. सेंट हेलेना बेट आणि मोझांबिक, तिथे थांबायचे. दक्षिण टोकावर त्यांचं ठाणं कधी झालं नाही. ते काम १६५२ मध्ये डचांनी केलं. खोईखोई लोकांच्या त्या एका दुपारचा परिणाम असा दीडशे वर्षं टिकला असं माझं मत. म्हणून 'केपचा शोध' या कथेत मला दियासपेक्षा ते गुराखी महत्त्वाचे वाटतात. आणि दियासच्या वेळीही मोसेल बेला पाणी भरताना झटापट झालीच होती. त्यांनी दगड मारले, दियासने आडव्या धनुष्याने एकाला ठार केलं. ओळखीची सुरुवातच तशी.

मांडवीकाठ

बापरे! दाभोळ आणि केप टाऊन असं जोडता येईल असं वाटलं नव्हतं. @खाडीपलीकडे, यावर स्वतंत्र धागा काढाच. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

गोव्याकडून माझी भर. लिस्बन ते गोवा ही दरसालची फेरी मार्च-एप्रिलात सुटायची, म्हणजे केप वेळेत ओलांडून पावसाळ्याच्या वाऱ्याने सप्टेंबरपर्यंत मांडवीत पोचता येई. उशीर झाला तर मोझांबिकला अडकून पडायचं. गोव्याचं सगळं वेळापत्रकच, पत्रं, पगार, नवे गव्हर्नर, पाद्री, केपच्या हवामानावर चालायचं.

आणि उलट्या दिशेचीही गोष्ट आहे. 'म्हादेई' हे शिडाचं जहाज गोव्यातच, दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलं. ते घेऊन नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ ते मे २०१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून मुंबईला परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. शेवटचा थांबा केप टाऊन. पुढे २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी 'तारिणी'वरून गोव्याहून निघून गोव्यालाच परत आल्या, त्यांनीही ऑस्ट्रेलियाचं ल्यूविन, दक्षिण अमेरिकेचं हॉर्न आणि गुड होप ही तिन्ही भूशिरं पार केली.

निवृत्त_सारंग

म्हादेईचा उल्लेख केलात, बरं वाटलं. शिडावर हा भाग करणं म्हणजे खायचं काम नाही. आमच्याकडे निदान इंजिन होतं.

व्यापाराचंही सांगतो. १८६९ मध्ये सुएझ उघडला आणि मुंबई-लंडन वाटेवरून केप जवळजवळ पुसला गेला. पण १९६७ च्या अरब-इस्रायल युद्धात सुएझ बंद झाला तो १९७५ पर्यंत. तेवढ्यात तेलवाल्यांनी एवढी मोठी टँकर बांधली की ती भरलेली असताना कालव्यात मावेनात, मग केप कायमचाच. आणि २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांचे हल्ले सुरू झाल्यावर कंटेनरवालेही पुन्हा केपवरून जायला लागले. मुंबईहून युरोपला दहा-बारा दिवस जास्त, इंधन जास्त. माझा भाचा त्यातल्याच एका जहाजावर होता. म्हणाला, मामा, तुम्ही सांगायचात ती लाट बघितली.

टेबलाखाली_ढग

मी केप टाऊनला राहतो, उशिरा बघतोय धागा. दोन गोष्टी.

केप पॉइंटच्या वाटेवर दोन मोठे पांढरे क्रूस दिसतात, एक दियासचा, एक वास्को द गामाचा. पर्यटक स्मारक म्हणून फोटो काढतात. ते स्मारक आहेच, पण कामाचंही आहे. समुद्रातून बघताना दोन्ही एका रेषेत आले की ती रेषा फॉल्स बेमधल्या व्हिटल रॉक या बुडलेल्या खडकावरून जाते. खलाशी सावध होतात. दियासने केपवर १४८८ च्या जूनमध्ये उभारलेला मूळ स्तंभ मात्र कधी सापडला नाही. क्वाईहूकच्या स्तंभाचे तुकडे १९३८ मध्ये एरिक अ‍ॅक्सेलसन या इतिहासकाराने शोधून काढले, ते जोहान्सबर्गच्या विट्स विद्यापीठात आहेत.

दुसरं, @खाडीपलीकडे यांच्यासाठी. इथल्या भारतीय मुसलमानांत कोकणी घरं खूप. रत्नागिरी, रायगडातल्या गावांहून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आलेली. कुणाच्या पणजोबांचं गाव विचारलं की खाडीकाठचं नाव निघतं. आल्मेदाची गोष्ट इथल्या एका कोकणी दुकानदाराला सांगितली तेव्हा तो म्हणाला, 'मग आम्ही बरोबर जागी आलो.'

सत्यशोधक_७

हा दुकानदार आवडला. नकाशाचं मी अजून वाचतोय, सोडलेलं नाही.

मेतकूट

डिसेंबरात जायचा विचार आहे. मोसेल बेला जावं का, की केप टाऊनलाच दिवस घालवावेत? सोबत सासूबाई आहेत, फार चालणं नको.

टेबलाखाली_ढग

@मेतकूट, जावं. एन-२ रस्त्याने सुमारे ३९० किलोमीटर, रस्ता उत्तम. वाटेत अगुल्हासला फाटा मारला तर खरं दक्षिण टोकही होईल, पण मग एक मुक्काम करा. मोसेल बेच्या दियास संग्रहालयात त्याच्या कॅरावेलची प्रतिकृती आहे. ती १९८७ मध्ये लिस्बनहून प्रत्यक्ष शिडावर निघाली आणि ३ फेब्रुवारी १९८८ ला, बरोबर पाचशे वर्षांनी, इथे लागली. वर्णभेदाचा काळ होता. किनारा फक्त गोऱ्यांसाठी राखीव, त्यामुळे इतरांनी सोहळ्यावर बहिष्कार टाकला, आणि स्वागताला आलेले 'खोईखोई' म्हणून गोऱ्यांनाच सोंगं घालून उभं केलं. हे तिथल्या पाट्यांवर शोधू नका.

आवारातच जुनं मिल्कवूडचं झाड आहे. १५०० मध्ये परतीच्या एका पोर्तुगीज कप्तानाने तिथे बुटात पत्र घालून ठेवलं, पुढच्या वर्षी हिंदुस्तानकडे निघालेल्या जुवांव द नोव्हाला ते मिळालं. आता तिथे बुटाच्या आकाराची टपालपेटी आहे, पत्रं खरोखर जातात. चालणं फार नाही. केप पॉइंटला वरच्या दीपगृहाजवळ जायला फ्युनिक्युलर (चढावर दोराने ओढली जाणारी रुळांवरची गाडी) आहे, पण त्यानंतरही पायऱ्या लागतात, सासूबाईंना वरच्या स्टेशनपाशीच बसवा. आणि खायचं काही हातात ठेवू नका, बबून माकडं पर्ससकट नेतात.